पंधरातले आठ रुपये

रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा गोपाळ कृष्ण गोखले आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. चिकाटीचा धडा म्हणून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. त्या मुलाला घरातला दिवा का विझवावा लागला, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्यास तो मांडण्याचा मोह आवरत नाही.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा मागे शिल्लक अशी नव्हतीच. थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांवर नोकरीस लागले. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत घरातील सर्व माणसांचा निर्वाह होई. निम्म्याहून अधिक मिळकत एका मुलाच्या शिक्षणावर घालणे हे कोणत्याही अंदाजपत्रकाच्या दृष्टीने अविचाराचेच. त्या कुटुंबाने तो अविचार वर्षानुवर्षे केला.

याच काळात एका मित्राने गोपाळला नाटकास नेले. आपल्याला आग्रहाने नेले आहे, अशी मुलाची समजूत. मित्राने पुढे तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने वाद न घालता ते दिले आणि भरपाईसाठी दिव्याच्या तेलात काटकसर करून तो रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचू लागला. महिन्याच्या ८ रुपयांचे १२८ आणे होतात, म्हणजे दिवसाला सव्वाचार आणे. त्यांतच जेवण, वह्या, तेल. एका संध्याकाळच्या गैरसमजाने अर्ध्या दिवसाचा निर्वाह गेला होता.

या प्रसंगात मला काटकसरीहून त्या मुलाची भीड अधिक लक्षणीय वाटते. आपल्या हातून चूक झाली तर तिची किंमत गावाकडे दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून जाणार, हे ज्या वयात कळू नये त्या वयात त्याला कळले होते. गरिबी मुलाचे खेळणे हिरावते तशी त्याची बेफिकिरीही हिरावते, आणि कौतुकाच्या भरात आपण त्यालाच समंजसपणा म्हणतो.

१८८१ साली मॅट्रिक झाल्यावर गोपाळने नोकरी धरण्याची तयारी दाखविली. गोविंदरावांनी ती मानली नाही. वहिनींनी त्याच्या शिक्षणासाठी अंगावरचे दागिने पुढे केले, असे चरित्रकार सांगतात. १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून तो पदवीधर झाला. आता भाऊ कर्ज फेडील, घर सावरील, ही थोरल्याची अपेक्षा रास्तच होती. न्यू इंग्लिश स्कूलमधल्या ३५ रुपयांच्या नोकरीपासून आरंभ करून हा भाऊ मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीला वीस वर्षांच्या सेवेचे वचन देऊन बसला, तेही ७५ रुपयांच्या वेतनावर. त्यागाच्या यादीत आपण गोखल्यांचे नाव लिहितो. त्याच ओळीत गोविंदरावांचे व वहिनींचे लिहावयास हवे होते.

फर्ग्युसनमध्ये गणित, इतिहास, अर्थशास्त्र शिकविलेला हा प्राध्यापक १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलला. दुष्काळ आणि प्लेग यांच्या वर्षांत सरकारी तिजोरीत शिल्लक पडते, ती रयतेवर अवाजवी कर बसविल्यामुळेच, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ साली तो दोन रुपयांवर आला. आण्याची किंमत ज्याने लहानपणी मोजली, त्याला मिठाच्या कराचा भार तक्त्यातून शोधावा लागला नसावा.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना, प्रथम केवळ ठरावीक भागांत, शाळा सक्तीची करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना देणारे ते अगदी सावध विधेयक होते. ज्या पालकाची मिळकत दरमहा १० रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलाला फी नसावी, असे एक कलम त्यात होते. गंमत अशी की, १५ रुपये मिळविणारे गोविंदराव त्या सवलतीतही बसले नसते!

मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोधात सरकारी सभासद होते, तसेच काही जमीनदारही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, गोखले निवर्तले. मुंबई प्रांतात नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ साली.