पॉल एर्लिक : शरीराच्या आत्मसंयमाचा वेध घेणारा संशोधक

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटली तर काय होईल? आमवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस, हाशिमोटोचा थायरॉइड विकार, पहिल्या प्रकारचा मधुमेह ही त्या प्रश्नाची आज घरोघरी ठाऊक असलेली उत्तरे आहेत. या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आरंभीच्या काळात ज्यांनी केला, त्यांत जर्मन संशोधक पॉल एर्लिक यांचे नाव अग्रभागी आहे. पण त्यांच्याच एका शब्दप्रयोगाच्या दबावाखाली वैद्यकशास्त्र सुमारे अर्धशतक या रोगांकडे पाठ फिरवून राहिले, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास होय.

एर्लिक यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सायलेशिया प्रांतातील श्ट्रेलेन या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. त्यांच्या आईकडचे नातलग कार्ल व्हायगर्ट हे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ होते. सूक्ष्मदर्शकाखालील ऊतकांना कृत्रिम रंग देऊन पाहण्याचा नाद एर्लिक यांना लागला तो त्यांच्यामुळेच. जर्मनीत त्या काळी रंगांचे कारखाने जोमाने वाढत होते आणि नवनवी रंगद्रव्ये बाजारात येत होती. एक रंग विशिष्ट पेशींनाच का चिकटतो, शेजारच्या पेशींना का नाही, हे कुतूहल या विद्यार्थ्याच्या मनात घर करून बसले. १८७८ मध्ये लाइप्झिग येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही ऊतकांच्या रंजनाच्याच विषयावर. रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार रंगांच्या साहाय्याने वेगळे ओळखण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. आजच्या रक्ततपासणीचा पाया तोच आहे.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केल्यानंतर थोड्याच काळात एर्लिक यांनी तो जंतू रंगवण्याची अधिक सोपी रीत शोधून काढली. पुढे त्याच रीतीने त्यांना स्वतःच्या थुंकीत क्षयाचे जंतू दिसले. प्रकृतीसाठी ते पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये बरे होऊन परतले. त्या वेळी त्यांच्यापाशी नोकरी नव्हती. बर्लिनमध्ये छोटीशी खासगी प्रयोगशाळा थाटून त्यांनी काम सुरू ठेवले. लवकरच कॉख यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत बोलावून घेतले.

तेथे एमिल फॉन बेहरिंग घटसर्पावरील प्रतिविष तयार करण्याच्या खटपटीत होते. घोड्याच्या रक्तातून मिळणाऱ्या या प्रतिविषाची ताकद प्रत्येक वेळी निराळी भरे. त्यामुळे एखाद्या मुलाचे प्राण वाचत, तर एखाद्याला गुण येत नसे. ही ताकद अचूक मोजण्याचे परिमाण एर्लिक यांनी ठरवून दिले आणि प्रतिविष विश्वासार्ह औषध बनले. या मोजमापातूनच १८९७ मध्ये त्यांचा ‘पार्श्वशृंखला सिद्धान्त’ पुढे आला. पेशीच्या पृष्ठभागावर विविध आकारांच्या साखळ्या असतात, कुलपात किल्ली बसावी तसे विष त्यांपैकी एखादीवर बसते, मग पेशी तशाच साखळ्या गरजेपेक्षा अधिक तयार करून रक्तात सोडते आणि त्याच प्रतिपिंडे होत, अशी ती मांडणी होती. तपशील पुढे बदलले, परंतु पेशीवरील ग्राहकांची ही कल्पना टिकली.

मात्र या सिद्धान्ताच्या पोटातच एक अडचण दडलेली होती. पेशी वाटेल त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकत असेल, तर शरीराच्या स्वतःच्या घटकांविरुद्ध का नाही? एर्लिक आणि त्यांचे सहकारी युलिउस मॉर्गेनरॉट यांनी बोकडांवर प्रयोग केले. एका बोकडाला दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचले. त्याच्या शरीरात इतर बोकडांच्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे निर्माण झाली, पण ती त्याच्या स्वतःच्या पेशींना धक्का लावीत नव्हती. शरीराला स्वतःच्या विषबाधेची जणू भीती वाटते, अशा अर्थाचे ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ हे लॅटिन नाव एर्लिक यांनी या वृत्तीला दिले. स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे कधी बनतच नाहीत, असा त्यांचा दावा नव्हता. ती घातक ठरू नयेत म्हणून शरीरात काही नियामक व्यवस्था असली पाहिजे आणि ती बिघडल्यास रोग उद्भवू शकेल, हे त्यांना दिसत होते.

पुढच्या पिढीने नाव तेवढे उचलले, त्यामागचा सावध विचार मागे पडला. १९०४ मध्येच व्हिएन्नातील डोनाथ आणि लँडश्टायनर यांनी थंडी लागताच लाल लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशींवर हल्ला करणारे प्रतिपिंड दाखवून दिले होते. तो अपवाद मानला गेला.

एर्लिक स्वतः तोवर दुसऱ्या ध्यासाकडे वळले होते. जंतूला मारील पण रुग्णाला इजा करणार नाही, असे रसायन त्यांना हवे होते. १९०९ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाटा या जपानी सहकाऱ्याला ६०६ क्रमांकाच्या आर्सेनिकयुक्त संयुगात उपदंशावरील गुण आढळला. ‘साल्व्हर्सान’ या नावाने ते १९१० मध्ये बाजारात आले. तत्पूर्वी, १९०८ मध्ये, एर्लिक यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले होते. औषधाच्या दुष्परिणामांवरून त्यांच्यावर चिखलफेक झाली आणि १९१४ मध्ये प्रकरण न्यायालयातही गेले. थकलेल्या एर्लिक यांचे २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे निधन झाले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधील रस्त्याला दिलेले त्यांचे नावही पुसले गेले.

एर्लिक यांच्याच परंपरेत घडलेले अर्नेस्ट विटेब्स्की यांना १९३३ नंतर जर्मनी सोडावी लागली. अमेरिकेत बफेलो येथे त्यांचे तरुण सहकारी नोएल रोझ यांनी सशांना थायरॉइडचा अर्क टोचला, तेव्हा सशांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे आढळली आणि ग्रंथीला दाहही झाला. विटेब्स्कींचा त्यावर सहज विश्वास बसेना. प्रयोग पुन्हा पुन्हा करून पाहिल्यावरच १९५६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनमधील संशोधकांना हाशिमोटोच्या रुग्णांत अशीच प्रतिपिंडे सापडली आणि स्वयंप्रतिकार रोगांचे दालन उघडले.

१९९९ मध्ये या रोगांहून निराळ्या अशा ‘स्वयंदाहक’ विकारांची संकल्पना मांडली गेली. वारंवार ताप आणि दाह होणाऱ्या या विकारांत दोष प्रतिपिंडांचा नसतो. जन्मजात प्रतिकारयंत्रणा, म्हणजे भक्षक पेशी आणि त्यांचे रासायनिक संदेश, विनाकारण चेतवली जाते. भक्षक पेशींचे महत्त्व सांगणारे मेचनिकॉव्ह आणि प्रतिपिंडांचे एर्लिक हे नोबेलचे भागीदार या दोन रोगगटांच्या रूपाने पुन्हा शेजारी आले आहेत.

आणि ती नियामक व्यवस्था? १९९५ मध्ये जपानचे शिमोन साकागुची यांनी इतर पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी दाखवून दिल्या. त्या कामासाठी त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चे नोबेल मिळाले. बोकडांच्या प्रयोगानंतर एर्लिक यांनी जिचे अस्तित्व केवळ तर्काने मानले होते, तिचा एक महत्त्वाचा दुवा अशा रीतीने हाती लागला. तो तुटतो तेव्हा काय होते, हे आमवाताने सुजलेली बोटे घेऊन दवाखान्यात बसलेल्या रुग्णाला वेगळे सांगावे लागत नाही.