धर्मानंद कोसंबी : अनित्यतेचे अभ्यासक, अखंड कार्यरत

जगातील प्रत्येक गोष्ट अनित्य आहे, ही बौद्ध तत्त्वज्ञानाची मूलभूत शिकवण होय. सारेच नाशवंत असेल तर कष्ट कशासाठी करायचे, असा प्रश्न या शिकवणीविषयी अनेकदा विचारला जातो. पाली भाषेचे थोर पंडित आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. एका मराठी बालमासिकातील बुद्धचरित्राने ते भारावून गेले आणि बौद्ध धर्माच्या मूळ ग्रंथांचे अध्ययन हे त्यांनी जीवनाचे ध्येय मानले. त्यासाठी १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही कन्या मागे राहिल्या. या विद्याव्रताची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली, याची नोंद घेणे आवश्यक आहे. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करीत ते श्रीलंकेला पोहोचले. तेथे १९०२ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली. १९०६ मध्ये ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा महाराष्ट्रात पालीचा प्रसार करता यावा म्हणून त्यांनी कोलकाता विद्यापीठातील अध्यापनाचे काम सोडले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या शिष्यवर्गातून पुढे आले.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हे कोसंबी यांचे सर्वांत दीर्घ कार्य ठरले. अमेरिकी विद्वान हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतलेले हे काम १८९९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले होते. ते पूर्ण करण्यासाठी कोसंबी १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात गेले. श्रेयनामावलीवरून मतभेद झाल्याने १९१२ मध्ये ते परतले. परंतु काम त्यांनी सोडले नाही. १९३२ पर्यंत त्यांनी एकूण चार वेळा अमेरिकेचा प्रवास केला. दरम्यान १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही भोगला. १९३७ मध्ये मुंबईतील परळ येथे श्रमिकांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला.

या ग्रंथाची त्यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र त्यांना पाहता आली नाही. प्रकृती खालावल्यावर अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. ही आवृत्ती १९५० मध्ये प्रकाशित झाली आणि तिच्यावर वॉरन व कोसंबी अशी दोन्ही नावे छापली गेली. त्या वेळी दोघेही हयात नव्हते.

एका विद्वानाने आरंभिलेले कार्य दुसऱ्याने सिद्धीस नेले, आणि फळ तिसऱ्या पिढीच्या हाती पडले. आयुष्य मर्यादित आहे हे जाणूनही कार्य नेटाने पुढे नेता येते, हेच कोसंबी यांच्या चरित्राचे सार होय.