छायाचित्रकार डोरोथिया लँग

थोरांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें बहुधा राजे, सेनापति, ग्रंथकार किंवा शास्त्रज्ञ उभे राहतात. हातांत कॅमेरा घेऊन देशभर रस्त्यारस्त्यानें हिंडणाऱ्या, पायानें अधू अशा एका बाईला त्या पंक्तींत बसवावें असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अमेरिकेंतील डोरोथिया लँग ह्या बाईंचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचण्यासारखें आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहावें कसें, हा प्रश्न त्यांना जन्मभर सोडवावा लागला. आणि तो प्रश्न तुम्हां आम्हां सर्वांचाच आहे.

डोरोथियाचा जन्म ता. २६ मे १८९५ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील होबोकेन ह्या गांवीं झाला. हडसन नदीच्या एका तीरावर होबोकेन व दुसऱ्या तीरावर न्यू यॉर्क शहर. तिचें घराणें मूळचें जर्मन. सातव्या वर्षीं तिला पोलिओ झाला. जीव वांचला, पण उजवा पाय कायमचा अधू राहिला. ती बारा वर्षांची झाली, तोंच वडील घर सोडून निघून गेले. पुढें तिनें वडिलांचें आडनांव टाकून आईच्या माहेरचें लँग हें आडनांव धारण केलें.

संसाराचा भार आईवर पडला. ती न्यू यॉर्कमधील एका सार्वजनिक वाचनालयांत नोकरी करी. मुलगी तिच्याबरोबर रोज आगबोटीनें नदी ओलांडून त्या शहरांतील गरीब वस्तींतल्या एका शाळेंत जाई. शाळा सुटल्यावर बावरी नांवाच्या रस्त्यावरून ती पुष्कळदां एकटीच चालत येई. रस्त्याच्या दोहों बाजूंस बेकार, दारुडे व निराधार माणसें पडलेलीं असत. मुलीला भय वाटे. म्हणून आपल्याकडे कोणाचें लक्षच जाऊं नये अशा रीतीनें चेहरा निर्विकार ठेवून चालण्यास ती शिकली. लोकांच्या नजरेस न येतां लोकांना नीट पाहणें, ही तिची पहिली विद्या. ती कोणत्याहि शाळेच्या अभ्यासक्रमांत नव्हती.

सन १९१३ मध्यें हायस्कूलचें शिक्षण संपल्यावर आपण छायाचित्रकार होणार असें तिनें घरीं सांगितलें. गंमत अशी कीं तोंपर्यंत तिच्या मालकीचा एकहि कॅमेरा नव्हता! आईच्या आग्रहास्तव तिनें शिक्षिका होण्याच्या शाळेंत नांव घातलें, पण मन तेथें रमेना. आम्ही शिक्षक मंडळींनीं ह्याबद्दल वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. तिनें शहरांतील नामांकित छायाचित्रकारांच्या दुकानीं उमेदवारी केली आणि कोलंबिया विद्यापीठांत क्लॅरेन्स व्हाइट ह्या गुरूंजवळ धडे घेतले.

सन १९१८ मध्यें एका मैत्रिणीला बरोबर घेऊन ती पृथ्वीपर्यटनास निघाली. अमेरिका खंड ओलांडून दोघी पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं पोंचल्या, आणि तेथें त्यांचा पैसा चोरीस गेला. पर्यटन संपलें व पोटाची चिंता सुरू झाली. पण ती हताश झाली नाहीं. फोटोंचें सामान विकणाऱ्या एका दुकानांत तिनें नोकरी धरली आणि वर्षभरांत स्वतःचा स्टुडिओ थाटला. शहरांतील श्रीमंत घराणीं तिच्याकडे येऊं लागलीं. सन १९२० मध्यें मेनार्ड डिक्सन ह्या चित्रकाराशीं तिचा विवाह झाला व त्यांना दोन मुलगे झाले. आतां लँगबाईंचें नांव शहरांत प्रतिष्ठित झालें होतें.

इतक्यांत १९२९ सालीं न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, लाखों माणसें बेकार झालीं. बाईंच्या स्टुडिओच्या खिडकीखालून कामधंदा नसलेलीं माणसें दिवसभर फिरत असत. आंत पडद्यापुढें रेशमी पोषाखांतील गिऱ्हाइकें आणि बाहेर उपाशी माणसें, हा विरोध त्यांना सहन होईना. सन १९३३ मध्यें एके दिवशीं त्या कॅमेरा घेऊन खालीं उतरल्या. जवळच एक दयाळू बाई गरिबांस फुकट अन्न वांटीत असे. तेथील गर्दींत एक म्हातारा इतरांकडे पाठ करून लांकडी कठड्यावर टेकून उभा होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, दोन्ही हात एकमेकांत गुंतवलेले, आणि हातांच्या मधोमध एक रिकामा डबा. बाईंनीं त्याचें छायाचित्र घेतलें. स्टुडिओच्या चार भिंतींतून त्या रस्त्यावर आल्या, त्या ह्या दिवशीं.

अशीं छायाचित्रें पाहून कॅलिफोर्निया विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे अध्यापक पॉल टेलर ह्यांनीं त्यांना आपल्या कामांत बोलाविलें. हंगामाप्रमाणें शेतांशेतांतून भटकणाऱ्या मजुरांची स्थिति सरकारपुढें मांडावी, हें टेलर ह्यांचें काम. ते माहिती व आंकडे गोळा करीत, बाई चित्रें घेत. त्यांच्या अहवालांचा परिणाम असा झाला कीं मजुरांसाठीं सरकारी खर्चानें स्वच्छ छावण्या उभारण्यास प्रारंभ झाला. पहिल्या विवाहाचा शेवट घटस्फोटांत होऊन १९३५ च्या डिसेंबरांत बाईंनीं टेलर ह्यांच्याशीं विवाह केला. त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील मध्यवर्ती सरकारच्या ग्रामपुनर्वसन खात्यांत त्यांची छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली.

येथून त्यांचा खरा प्रवास सुरू झाला. त्या काळीं टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस वगैरे संस्थानांत वर्षानुवर्षें पाऊस पडला नव्हता. नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडून भरदिवसा अंधार करी. जेथें पीक येई, तेथें जमीनदारांनीं ट्रॅक्टर आणून कुळांस काढून लाविलें. घरदार सुटलेलीं हीं कुटुंबें मोडक्या मोटारींवर गाद्या, भांडीं व पोरेंबाळें लादून ६६ नंबरच्या महामार्गानें कॅलिफोर्नियाकडे निघालीं. त्यांच्याच वाटेनें लँगबाईंची मोटार हजारों मैल धांवली. एका चित्रांत न्यू मेक्सिकोंतील रस्ता बाणासारखा सरळ क्षितिजाला जाऊन मिळालेला आहे. रस्त्यावर चिटपांखरूंहि नाहीं. दुसऱ्यांत दोन माणसें बोचकीं घेऊन लॉस एंजेलिसच्या दिशेनें पायीं चाललीं आहेत, आणि कडेला रेल्वे कंपनीची मोठी जाहिरात प्रवाशांना आरामांत रेल्वेनें जाण्याचा सल्ला देत आहे! हें चित्र पाहून हंसावें कीं रडावें तें समजत नाहीं.

त्यांची कामाची रीत ध्यानांत ठेवण्यासारखी होती. मोटारींतून उतरतांच त्या कोणावर कॅमेरा रोखीत नसत. सावकाश चालत जात, पाण्याचा घोट मागत आणि तो पीत पीत बोलत बसत. जिज्ञासु पोरें कॅमेऱ्याला हात लावीत. त्यांना त्या हाकलून देत नसत. त्यांचा अधू पाय पाहून लोकांचा संकोच कमी होई. सुखवस्तु धडधाकट बाई आपल्याला न्याहाळीत आहे असें त्यांस वाटत नसे. ज्या पायाची लहानपणीं लाज वाटली, तोच पाय त्यांना परक्या माणसांच्या दाराशीं घेऊन गेला. परत आल्यावर त्या माणसांचे शब्द त्या ताबडतोब वहींत टिपून ठेवीत.

आतां त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध चित्राची हकीकत सांगतों. सन १९३६ च्या मार्च महिन्यांत एक महिन्याचा दौरा संपवून त्या एकट्याच घरीं परतत होत्या. पाऊस पडत होता. निपोमो गांवाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. पण थकलेल्या बाई तशाच पुढें गेल्या. मनाची समजूत घालीत त्या वीस मैल गेल्या. मन ऐकेना. शेवटीं त्यांनीं मोटार वळविली आणि त्या छावणींत आल्या. थंडीच्या कडाक्यानें वाटाण्याचें पीक नासलें होतें; मजुरांना काम नव्हतें व अन्नहि नव्हतें. एका फाटक्या तंबूच्या तोंडाशीं बत्तीस वर्षांची एक आई बसली होती. दोन मुलें तिच्या खांद्यांवर तोंडें लपवून उभीं, मांडीवर तान्हें मूल, आणि तिची दृष्टि कोठें तरी दूर लागलेली. बाईंनीं दहा मिनिटांत थोडींशीं छायाचित्रें घेतलीं व त्या निघून गेल्या.

छावणीची हकीकत व चित्रें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या वर्तमानपत्रांत छापून येतांच सरकारनें तिकडे २०,००० पौंड अन्नसामग्री धाडली. चित्र सर्व जगांत गेलें. १९९८ सालीं तें अमेरिकेच्या टपालाच्या तिकिटावरहि आलें.

पण हकीकत येथें संपत नाहीं, आणि ती अर्धीच सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. बाईंनीं त्या आईचें नांव विचारलें नाहीं. कुटुंबानें पोटासाठीं मोटारीचे टायर विकले असें त्यांनीं लिहून ठेवलें, पण पुढें त्या आईनें व मुलांनीं तें नाकारलें. त्यांच्या सांगण्याप्रमाणें मोटार बिघडली म्हणून तीं तेथें थोडा वेळ थांबलीं होतीं. अन्न येऊन पोंचण्यापूर्वींच तीं पुढें निघूनहि गेलीं होतीं. चित्राच्या कोपऱ्यांत दिसणारा एक अंगठा बाईंनीं काही वर्षांनीं मूळ फिल्मवरून पुसून टाकला, हेंहि खरें आहे. त्या आईचें नांव जगाला १९७८ सालीं कळलें. आपल्या चेहऱ्यानें जग हळहळलें, पण आपल्या हातीं कांहींच पडलें नाहीं, ह्याचा तिला विषाद होता. चित्र सरकारी मालकीचें असल्यामुळें बाईंनाहि त्याचा पैसा मिळाला नाहीं, ही गोष्ट खरी. तरी त्या आईचें गाऱ्हाणें खोटें ठरत नाहीं. सन १९८३ मध्यें ती आजारी पडली, तेव्हां तेंच चित्र आठवून हजारों लोकांनीं पत्रें व पैसे पाठविले. त्याच वर्षीं ती वारली.

दुसरीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्यांच्या मुलांचीं दुःखें टिपतांना बाईंना आपले दोघे मुलगे कित्येकदां परक्यांच्या घरीं ठेवावे लागले. त्याचा सल मुलांच्या मनांत राहिला आणि आईच्याहि. थोर कामाची किंमत कधीं कधीं घरांतल्या लहानांस मोजावी लागते, हें पालकांना सांगावयास नकोच.

सन १९३९ मध्यें पतिपत्नींनीं मिळून ह्या देशांतराविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. इस्राएल लोक मिसर देशांतून निघाले, त्या निर्गमनाची आठवण देणारें नांव त्यांनीं त्याला दिलें. पुढें १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि दुसऱ्या वर्षीं अमेरिकन सरकारनें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलें. त्यांतील बहुसंख्य लोक जन्मानें अमेरिकेचे नागरिक होते. ह्या कामाचीं चित्रें घेण्यास सरकारनें लँगबाईंना नेमलें. त्यांनीं दाखविलीं तीं गळ्यांत नंबरांच्या चिठ्ठ्या बांधलेलीं मुलें आणि आपण अमेरिकन आहों अशी मोठी पाटी लावलेलें एक बंद होणारें दुकान. लष्करी अधिकाऱ्यांना हें रुचलें नाहीं. युद्ध संपेपर्यंत तीं चित्रें दाबून ठेवण्यांत आलीं. सन १९८८ मध्यें अमेरिकन सरकारनें ह्या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती ऐकण्यास बाई हयात नव्हत्या, परंतु त्यांची साक्ष हयात होती.

युद्धानंतर पोटाच्या विकारानें त्या वर्षानुवर्षें जर्जर झाल्या. तरीहि आयर्लंड, आशिया व मिसर देशांत त्या कॅमेरा घेऊन हिंडल्या. सन १९६४ मध्यें कर्करोग झाल्याचें कळल्यावर त्यांनीं आपल्या साऱ्या चित्रांच्या प्रदर्शनाची तयारी हातीं घेतली. एकेक चित्र स्वतः निवडलें. ता. ११ ऑक्टोबर १९६५ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि तीन महिन्यांनीं न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत तें प्रदर्शन उघडलें. एका स्त्री छायाचित्रकाराच्या जन्मभराच्या कामाचें तेथील तें पहिलेंच स्वतंत्र प्रदर्शन.

त्यांनीं धरलेली वाट ओसाड पडली नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या रॉबर्ट फ्रँक ह्या तरुणानें १९५५ व १९५६ सालीं एका जुन्या मोटारींतून अमेरिकाभर प्रवास करून हजारों छायाचित्रें घेतलीं. त्यांतून निवडलेल्या ८३ चित्रांचें पुस्तक १९५८ सालीं पॅरिस येथें निघालें व फार गाजलें. त्यांतहि न्यू मेक्सिकोंतील एक लांब, सरळ रस्ता आहे. तो पाहून लँगबाईंच्या रस्त्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या चरित्रांत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली ही कीं थकलेल्या असतां, वीस मैल पुढें गेल्यावरहि लँगबाई मागें वळल्या. आपण दुःखावरून पुष्कळदां तसेच पुढें निघून जातों, आणि वीस मैल गेलों म्हणजे परत फिरण्यास उशीर झाला असें मनाला सांगतों. उशीर झालेला नसतो. दुसरी गोष्ट त्यांच्या उणीवेपासून शिकावयाची. ज्याच्या दुःखाकडे आपण पाहतों, त्याला नांव असतें. शाळेच्या फाटकाशीं बसणाऱ्या भाजीवालीला आपण रोज पाहतों. तिचें नांव आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? उद्यां जातां येतां तें विचारून पाहा. त्यासाठीं कॅमेरा लागत नाहीं.