सखूबाईचा लेक

मैत्रिणींनो, गाडगेबाबा म्हटलं की हातातला खराटा आणि गाडगं डोळ्यांपुढे येतं. पण बाबांची पहिली लढाई केरकचऱ्याशी नव्हती. ती दारूशी होती आणि घरातूनच सुरू झाली होती.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परिटाच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी देवाधर्माच्या निमित्ताने दारू प्यायला लागले आणि त्यातच खंगून गेले. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला आली. आपल्या कारंज्याच्या बायांना हा मुलूख काही परका नाही. मामाची गुरं राखत, शेतात राबत डेबू मोठा झाला. शाळा काही नशिबी आली नाही.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. त्या काळी बारशाला जातभाईंना दारू-मटणाचं जेवण द्यायची रीत होती. डेबूजीने गोड जेवण वाढलं. लोक रागावले, पण हा गडी हटला नाही. बापाचं मरण त्याने पाहिलं होतं ना!

१९०५ साली त्यांनी घर सोडलं. पत्नी कुंताबाईंनी मागे संसार ओढला, हेही विसरायला नको. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हेच त्यांचं सांगणं. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. औषध फुकट मिळालं, तरी सोबत आलेल्या बाईने रात्री पाठ कुठे टेकायची, हे बाबांना कळलं होतं. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

झिंगराजींच्या काळी उपचार नव्हता. आज वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार मानतं आणि त्यावर औषधं आहेत. मात्र रोज पिणाऱ्याची दारू शपथ घालून एकदम तोडू नका. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, कधी जिवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट सल्ला मिळतो, मराठीतही.

सखूबाईला विचारायला कुणी नव्हतं. आपल्याला आहे. मग लाज कसली?