प्रा. र. धों. कर्वे आणि आपले बाबासाहेब

प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. कॉलेजवाल्यांना ते खपले नाही, नोकरी गेली. पण माणूस हटला नाही. पत्नी मालतीबाई खंबीर पाठीशी होत्या. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. गुप्तरोग, बायकांचे आरोग्य, स्त्री-पुरुष संबंध, सगळे उघड लिहिले. वाचक लाज सोडून प्रश्न विचारीत, कर्वे सरळ उत्तरे देत.

त्या उत्तरांनाच अश्लील ठरवून १९३४ साली खटला भरला. वकीलपत्र कोणी घेतले? आपल्या बाबासाहेबांनी! हे आपल्या घराघरांत ठाऊक पाहिजे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील होत नाही, हा बाबासाहेबांचा मुद्दा. कोर्टाला तो पटला नाही, २०० रुपये दंड झाला. तरी बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तोही फेटाळला गेला.

१४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे वारले, तोवर मासिक चालूच होते. आणि २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली!