वॉशिंग्टनहून गिरणगावात

लोअर परळहून जाणाऱ्या डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. या रस्त्यावरच्या गिरण्यांची धुराडी केव्हाच थंडावली. मात्र ज्यांचे नाव रस्त्याला दिले गेले, त्या नारायण मल्हार जोशी यांनी कामगारांसाठी नेमके काय केले, हे नव्या पिढीतील फारच थोड्यांना ठाऊक असेल.

५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे जन्मलेले जोशी पेशाने शिक्षक. १९०९मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये आणि चाळींमधील सेवाकार्य यांतून त्यांना गिरणी कामगाराचे जिणे जवळून दिसले. त्या वेळच्या कायद्यानुसार कापड गिरणीत प्रौढ पुरुषाला दिवसाचे बारा तास राबवून घेता येत असे.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली. तहावर स्वाक्षरी करणारा देश म्हणून पारतंत्र्यातील भारतही तिचा संस्थापक सदस्य ठरला. १९१९च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या परिषदेस जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. मात्र त्यांची निवड कामगारांनी नव्हे, सरकारने केली होती. वास्तविक देशातील सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने प्रतिनिधी नेमावा, असे तहातच नमूद होते. पण अशी देशव्यापी संघटनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. ही उणीव ३१ ऑक्टोबर १९२० रोजी भरून निघाली. लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिच्या उभारणीत जोशींचा वाटा मोठा होता.

वॉशिंग्टनच्या पहिल्याच कराराने जगासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. भारतासाठी मात्र ती ६० तास ठेवण्यात आली. भारताने १९२१मध्ये हा करार स्वीकारला आणि १९२२च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने ६० तासांचा आठवडा व अकरा तासांचा दिवस अमलात आला. कारखान्यात काम करण्याचे किमान वयही नऊवरून बारा वर्षे झाले. परदेशात झालेला करार परळच्या भोंग्यापर्यंत पोहोचला तो असा.

१९२१पासून १९४७पर्यंत जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत राहिले. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या खटल्यात कामगार पुढाऱ्यांवर न्यायालयाने मनाईहुकूम बजावला होता. संघटना बांधणे हाच गुन्हा ठरू पाहत होता. मार्च १९२१मध्ये जोशींनी संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. प्रत्यक्ष कायदा येण्यास १९२६ साल उजाडले.

हा मार्ग वादातीत नव्हता. १९२९च्या नागपूर अधिवेशनात व्हिटली आयोगावर बहिष्काराचा निर्णय झाला. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. आपणच उभारलेल्या संघटनेतून ते सहकाऱ्यांसह बाहेर पडले. सरकारी चौकटीत राहून मिळणारे तुटपुंजे असते, असा जहालांचा आक्षेप होता. तो अगदीच अनाठायी नव्हता. पण त्याच आयोगाच्या शिफारशींनंतर १९३४चा कारखाना कायदा आणि १९३६चा वेतन प्रदान कायदा आला. पुढे दुरावा मिटला आणि १९४०मध्ये जोशी पुन्हा सरचिटणीस झाले.

जगाने १९१९मध्ये मान्य केलेला ४८ तासांचा आठवडा भारतीय कामगाराच्या वाट्याला १९४६मध्ये आला. ही सत्तावीस वर्षांची वाट जोशींनी पाहिली. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे १९४८ व १९४९चे आंतरराष्ट्रीय करार मात्र भारताने अद्यापही स्वीकारलेले नाहीत. संघटनेच्या हक्कासाठी १९२१मध्ये उभ्या राहिलेल्या या माणसाचे काम त्या अर्थाने अपुरेच आहे.