शिवराम हरी राजगुरू

शिवराम हरी राजगुरू (२४ ऑगस्ट १९०८ – २३ मार्च १९३१) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील क्रांतिकारक होते. हिंदुस्थान समाजवादी प्रजातंत्र संघ या क्रांतिकारी संघटनेचे ते सदस्य होते. लाहोर येथे जॉन साँडर्स या पोलीस अधिकाऱ्याचा वध केल्याबद्दल त्यांना भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह फाशी देण्यात आली. अमरावतीच्या हनुमान आखाड्यात शिक्षण घेऊन त्यांनी व्यायामविशारद ही पदवी मिळवली होती. चरित्रग्रंथांत या पदवीला सहसा एखादीच ओळ मिळते. वास्तविक त्यांच्या आयुष्याची पुढील दिशा समजून घेण्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे.

बालपण

राजगुरूंचा जन्म पुणे जिल्ह्यात भीमा नदीकाठच्या खेड या गावी झाला. वडिलांचे नाव हरी नारायण आणि आईचे नाव पार्वतीबाई. घराण्याचे मूळ आडनाव ब्रह्मे होते. पूर्वज कचेश्वर यांच्यापासून राजगुरू हे नाव रूढ झाले. शिवराम सहा वर्षांचे असताना वडील वारले आणि घराचा भार थोरले बंधू दिनकर यांच्यावर पडला. पुढे ते शिक्षणासाठी पुण्यास बंधूंकडे राहिले व न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकू लागले. अभ्यासापेक्षा खेळ, पोहणे आणि व्यायाम यांकडे त्यांचा ओढा अधिक होता. इंग्रजीतील अपयशावरून बंधू रागावले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या शिवरामांनी घर सोडले. मोजके पैसे जवळ असताना ते नाशिकमार्गे काशीस पोहोचले.

काशीतील विद्यार्थिदशा

काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन आरंभिले. लघुसिद्धांतकौमुदी त्यांना मुखोद्गत होती, असे सांगितले जाते. इंग्रजीत मागे पडणारा हा विद्यार्थी व्याकरणाची सूत्रे पाठ करण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. पोटापाण्याची सोय मात्र कठीण होती. अन्नछत्रातील जेवण आणि गुरुगृहीची कामे यांवर दिवस काढावे लागत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याविषयी त्यांना विलक्षण आकर्षण होते. केवळ पोथ्या वाचून देश स्वतंत्र होणार नाही, हा विचार मनात बळावला तो याच काळात. शरीर कमावण्याचे आणि शस्त्र चालवण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे त्यांना वाटू लागले. त्यासाठी त्यांनी वऱ्हाडाची वाट धरली.

अमरावती : व्यायामविशारद

त्या काळात तरुणांना शिस्त आणि कवायत शिकवणारी सर्वांत संघटित चळवळ बालवीरांची, म्हणजे स्काउटची होती. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली ही चळवळ लवकरच हिंदुस्थानात आली. तिच्या प्रतिज्ञेत राजाशी निष्ठा राखण्याचे वचन होते, आणि सर्वोच्च श्रेणी गाठणाऱ्या मुलास मिळणारा किताबही राजाच्याच नावाचा होता. राष्ट्रीय वृत्तीच्या कार्यकर्त्यांना हे पटणे शक्य नव्हते. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समितीची स्वतंत्र बालवीर संघटना उभी केली. हुबळीचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांना १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात कारावास घडला. त्याच वर्षी काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी त्यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व ती पुढे हिंदुस्थानी सेवा दल म्हणून प्रसिद्ध पावली. राजगुरूंनी हर्डीकरांच्या शिबिरातही प्रशिक्षण घेतले होते.

वऱ्हाडात हेच काम आखाड्याने केले. अनंतराव आणि अंबादासपंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस हनुमान आखाडा स्थापन केला. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने ही संस्था आज ओळखली जाते. गावोगावच्या तालमींत वस्तादाच्या देखरेखीखाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या वैद्य बंधूंनी अभ्यासक्रमात बसवली. १९२४ पासून संस्थेने उन्हाळी वर्ग सुरू केले. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या वर्गांतील कसोटीची कल्पना येईल. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, कुस्ती आणि मल्लखांब यांनी अंग तयार करायचे. लाठी, बोथाटी, फरीगदका, जंबिया यांचे हात बसवायचे. लेझीम आणि सांघिक कवायतीतून शेकडोंनी एका तालात हालायला शिकायचे, अशी देशी व्यायामाची परंपरा येथे जोपासली गेली. या विद्येत प्रावीण्य मिळवून इतरांना शिकवण्यास पात्र ठरलेल्यास पदवी दिली जाई. राजनिष्ठेच्या शपथेची येथे कुणालाच गरज नव्हती.

राजगुरूंनी या शिक्षणात मन घातले आणि व्यायामविशारद ही पदवी संपादन केली. शाळेत ज्याच्या हुशारीची कुणी दखल घेतली नव्हती, त्याला स्वकष्टाने मिळालेला हा सन्मान होता. त्याचा व्यवहारात उपयोगही झाला. काशीस परतल्यावर नगरपालिकेच्या शाळेत त्यांना कवायत-शिक्षकाची नोकरी मिळाली. हातात काठी घेऊन मुलांकडून कवायत करवून घेणारा हा तरुण मास्तर क्रांतिकारकांच्या नजरेत भरला नसता तरच नवल.

क्रांतिकार्य

काशीतच त्यांचा चंद्रशेखर आझाद यांच्या संघटनेशी संबंध आला. संघटनेत त्यांना रघुनाथ या नावाने ओळखत. नेमबाजीत ते निष्णात झाले. त्यांच्या झोपेची सहकारी नेहमी थट्टा करीत; मिळेल तेथे, मिळेल त्या वेळी त्यांना गाढ झोप लागे.

सहकारी शिव वर्मा यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. पोलीस कैद्यांचा कसा छळ करतात, याविषयी बोलणे झाल्यावर राजगुरूंनी लोखंडी सांडशी तापवून स्वतःच्या छातीवर टेकवली. आपण छळ सोसू शकू की नाही, हे त्यांना पाहायचे होते. ही गोष्ट त्यांनी कुणास सांगितली नाही. जखमांमुळे ती उघडकीस आली. यात अविचार होता, हे कुणीही म्हणेल. परंतु आखाड्यात शरीराची परीक्षा देण्याची सवय लागलेल्या तरुणाने स्वतःसाठी घेतलेली ही परीक्षाच होती.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोर येथे सायमन आयोगाविरुद्धच्या निदर्शनांत पोलिसांनी केलेल्या लाठीमारात लाला लजपतराय जखमी झाले व १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. लाठीमाराचा आदेश देणारे पोलीस अधीक्षक स्कॉट यांना मारण्याचे क्रांतिकारकांनी ठरवले. १७ डिसेंबर १९२८ रोजी स्कॉटऐवजी साहाय्यक अधीक्षक साँडर्स बाहेर आले. राजगुरूंनी पहिली गोळी झाडली आणि त्यानंतर भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. पाठलाग करणारे हवालदार चननसिंग आझादांच्या गोळीने ठार झाले.

लाहोर सोडताना भगतसिंगांनी साहेबी वेष केला. दुर्गावती देवी वोहरा आपल्या लहान मुलासह त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत आणि राजगुरू नोकराच्या वेषात असा हा प्रवास झाला. लखनौस राजगुरू वेगळे झाले. त्यानंतरच्या अज्ञातवासाच्या काळात ते वऱ्हाडात येऊन राहिल्याच्या आठवणी अमरावती आणि अकोला येथे सांगितल्या जातात. अकोल्याच्या जुन्या शहरात राजराजेश्वर मंदिराच्या परिसरात त्यांना आश्रय मिळाला, अशी स्थानिक परंपरा आहे. विद्यार्थी म्हणून ज्या मुलखात ते आले होते, तेथे फरारी म्हणून परतणे स्वाभाविक वाटते.

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकण्यासाठी भगतसिंगांबरोबर जाण्याचा हट्ट राजगुरूंनी धरला होता. आझादांनी परवानगी दिली नाही आणि बटुकेश्वर दत्त यांची निवड झाली. हा नकार राजगुरूंना फार लागला.

अटक आणि फाशी

३० सप्टेंबर १९२९ रोजी राजगुरूंना पुण्यात अटक झाली. लाहोर कट खटल्यात त्यांना आरोपी करण्यात आले. तुरुंगात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उपोषणही केले. खटला लांबत असल्याचे पाहून १ मे १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून विशेष न्यायाधिकरण नेमले. त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील करण्याची मुभा नव्हती. ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. २४ मार्चच्या सकाळी व्हावयाची अंमलबजावणी २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळीच उरकण्यात आली आणि रात्री फिरोजपूरनजीक सतलज नदीच्या काठी तिघांच्या पार्थिवांना अग्नी देण्यात आला. राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते.

स्मृती

जन्मगाव खेड आता राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. तेथील त्यांचा वाडा स्मारक म्हणून जतन केला आहे. पंजाबात हुसैनीवाला येथे तिघांचे राष्ट्रीय स्मारक आहे. अमरावतीचा आखाडाही वाढत गेला. फाशीनंतर पाच वर्षांनी, १९३६ मध्ये, याच संस्थेच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली.